कुसुमक्कांच्या पोटात काय बसवलंय?

"दीपाच्या लग्नात मी माझ्या स्वतःच्या लग्नातलं झंपर घालणार! तेच! शालूवरचं! एक टाका न उसवता!"

ही घोषणा कुसुमावतींनी दोन हजार सात सालच्या उन्हाळ्यात, धारवाडला मालमड्डीतल्या आपल्या स्वयंपाकघरात, हातात डाव उगारून केली. ऐकायला दोघंच होते. एक मुलगी दीपश्री, जिचं हुबळीच्या श्रीहर्षशी लग्न ठरून मार्गशीर्षातला मुहूर्तही निघाला होता. दुसरे यजमान दत्तात्रेय, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. दत्तात्रेयांनी ते झंपर पाहिलं होतं. हल्ली ते कुसुमावतींच्या एका दंडाला जेमतेम पुरलं असतं. पण माणूस शहाणा! ताक प्यायले.

कुसुमावती मराठी शाळेत शिकवत. त्या फळ्यापुढं उभ्या राहिल्या की मुलांना गणित अर्धंच दिसे. वजन उतरवायचे सगळे उपाय करून झाले होते. कोमट पाण्यात लिंबू झालं, साधनकेरीपर्यंत रोज फिरणं झालं, फिरून येताना गिरमिट आणि मिरची भजीही झाली. शेवटी पुण्याच्या भावानं एक डॉक्टर शोधून काढला. जठराच्या तोंडाशी रबराचा एक पट्टा बसवायचा. मग दर महिन्याला सुईनं त्यात पाणी भरून तो थोडा थोडा फुगवायचा. वाट अरुंद, घास बारीक, माणूस बारीक! ऐकायला इतकं सोपं वाटलं की कुसुमावतींनी फोनवरच होकार देऊन टाकला.

"पण कुणाला कळता कामा नये!" त्यांनी दत्तात्रेयांना बजावलं. "लोक म्हणतील, बाईला तोंड आवरेना म्हणून पोटाला पट्टा बांधला! आणि विहीणबाईंना कळलं तर? आईची ही तऱ्हा, मग मुलगी आमचं घर खाऊन टाकेल म्हणतील! कुणी विचारलं तर सांगायचं, पित्ताशयातले खडे काढले. म्हणा पाहू!"

"पित्ताशयातले खडे काढले," दत्तात्रेय म्हणाले.

"परत!"

"पित्ताशयातले खडे काढले."

आता दत्तात्रेयांची एक अडचण होती. त्यांना खोटं बोलता येत नसे. खात्यात त्यांची बढती त्यापायीच रखडली होती. पुण्याहून परतल्यावर पहिल्याच सकाळी दूध आणायला बाहेर पडले, तर फाटकातच शेजारची कमल उभी. ही कमल म्हणजे श्रीहर्षच्या आईची मावसबहीण. दीपाचं स्थळ जुळवलं ते हिनंच.

"काय दत्तण्णा, कुसुमक्कांचं पोटाचं ऑपरेशन झालं म्हणे! काय काढलं?"

"काढलं कुठं? बसवलं!" दत्तात्रेय बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"बसवलं? पोटात?"

"हं."

"काय बसवलं?"

"ते सांगायचं नाही असं ठरलंय."

"अय्य! मग आता हो?"

"आता काय, दर महिन्याला पुण्याला जायचं. डॉक्टर बघणार. हळूहळू फुगत जाणार ते."

एवढं बोलून दत्तात्रेय दूध न घेताच घरात पळाले. खडे राहिले बाजूलाच! बायकोला हे सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. आणि कमल? तिला काही उलगडा होईना, पण तिनं ते वाक्य मनात जपून ठेवलं.

इकडं पट्टा कामाला लागला. फारच मन लावून लागला! भाकरीचा घास छातीशी येऊन बसे, पुढं म्हणून सरकत नसे. मऊ पोळीचं तर नाव नको. घास गेला की गेला तसाच परत येई. कुसुमावतींचे गाल बसले, मान बारीक झाली, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत फिरायला लागल्या. केस असे गळाले की अंबाड्याच्या जागी लिंबाएवढी गाठ उरली. सगळं अंग उतरलं. फक्त पोट उतरेना! ते होतं तिथंच, होतं तेवढंच. उलट बाकीचं अंग बारीक झाल्यामुळं जास्तच पुढं आल्यासारखं दिसायला लागलं.

कुसुमावती रोज दार लावून ते झंपर अंगाला लावून बघत. बाह्या शिरत, पण पुढची हुकं एकमेकांना भेटायला तयार नसत. मग त्या पलंगावर बसून रडत. रडून झालं की आंब्याच्या रसाची वाटी पीत. कारण पट्ट्याचा एक गुण त्यांना कळून चुकला होता: पोळी अडते, भाकरी अडते, पण रस, खीर, बासुंदी कशी अगदी सुरळीत उतरते! धारवाडचा पेढा दुधात कुस्करला तर तोही उतरतो. डॉक्टरांना त्यांनी हे सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलंही नव्हतं.

श्रावणात हुबळीहून विहीणबाईंचा, म्हणजे पद्माबाईंचा निरोप आला. शुक्रवारी देवीची सवाष्ण म्हणून जेवायला यायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. होणारी विहीण सवाष्ण म्हणून बोलावते, हा केवढा मान! आणि सवाष्णीनं पानावर टाकायचं नाही. ती तृप्त होऊन उठली तर देवी तृप्त.

दुर्गदबैलात कापडाच्या दुकानावर पद्माबाईंचं बिऱ्हाड. "बर्री, बर्री!" करत त्यांनी स्वागत केलं. दुसरी सवाष्ण कमल होती. पद्माबाईंच्या सासूबाई वेणूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, ऐकायला कमी, जिभेला धार पूर्ण. केळीच्या पानावर पहिलीच वाढली ती पुरणपोळी, परातीएवढी, वर तुपाची धार.

"साकु! साक्री!" कुसुमावती दोन्ही हात आडवे धरून म्हणाल्या.

पण सवाष्णीच्या 'साकु'कडं कोण लक्ष देतं? पद्माबाईंनी दुसरी पोळी वाढली. "संकोच करू नका विहीणबाई, खा की!"

कुसुमावतींनी देवीला हात जोडले आणि एक घास घेतला. घास अडला. तो ढकलायला दुसरा घेतला. तोही अडला. डोळ्यांत पाणी आलं, तोंडाला पाणी सुटलं आणि सवाष्ण पानावरून उठून मोरीकडं धावली. तिथून जे आवाज आले ते खाली दुकानात गिऱ्हाइकांनी ऐकले.

बाहेर पद्माबाईंचा चेहरा पांढरा पडला. "देवी कोपली की काय ग, कमल?"

"तसं नाही," कमल हळूच म्हणाली. "त्यांच्या पोटात पुण्याला काहीतरी बसवलंय. दत्तण्णाच म्हणाले मला."

"काय म्हणाली ती?" वेणूबाईंनी कानाला हात लावला.

"बसवलंय, अज्जी! पोटात! बसवलंय!"

मराठी माणूस तीन पिढ्या हुबळीत राहिला की त्याचा एक कान मराठी होतो आणि एक कानडी. वेणूबाईंचा मराठी कान गेल्याला बरीच वर्षं झाली होती. कानडी कान तेवढा शाबूत. त्यात जे शिरलं ते कानडीत 'गरोदर' होऊन शिरलं.

"बसुरी?" वेणूबाई ताठ बसल्या. "अय्य देवरे! बसुरी अदारंत! ह्या वयात?"

कमल आणि पद्माबाई एकमेकींकडं बघत राहिल्या. आणि मग सगळं कसं चपखल बसत गेलं. पुणं! ऑपरेशन! दर महिन्याला डॉक्टर! हळूहळू फुगणार! आताची ही उलटी! आणि ते पोट!

"टेस्टट्यूब!" कमल कुजबुजली. "हल्ली पुण्यात बसवून देतात म्हणे."

कुसुमावती तोंड धुऊन बाहेर आल्या. आता आपली शोभा होणार अशी त्यांची खात्री होती. पण कुणी चकार शब्द काढला नाही! पद्माबाईंनी हाताला धरून गादीवर बसवलं. पाठीशी उशी दिली. पोळी उचलली आणि समोर ठेवलं लिंबाचं लोणचं, चिंचेचं सार, वर कैरीचा तक्कू. कुसुमावतींना ते आंबट इतकं गोड लागलं की त्यांनी वाटीभर सार घटाघटा प्यायलं. वेणूबाईंनी सुनेकडं बघून मान डोलावली. निघताना रिक्षावाल्याला पद्माबाईंनी स्वतः खाली येऊन सांगितलं, "खड्डे बघून ने रे! हळू!"

'किती मायाळू माणसं,' कुसुमावतींना वाटलं. 'दीपानं नशीब काढलं!'

सोमवारी शाळेत हेडबाई रुक्मिणीबाईंनी त्यांना खोलीत बोलावून दार लावलं.

"टीचर, मला सगळं कळलंय. कमल माझ्या भिशीत आहे."

कुसुमावतींचं धाबं दणाणलं. फुटलं वाटतं बिंग! "कुणाला सांगू नका हं, बाई."

"छे! उलट मला तुमच्या धाडसाचं कौतुक वाटतं. ह्या वयात! दत्तण्णांची काही हरकत नव्हती?"

"त्यांना आधी नकोच होतं. मीच हट्ट धरला."

"अगंबाई! आणि मोकळ्या कधी होणार?"

"मोकळी कसली होते? हे आता जन्माचं लागलं पाठीशी."

"ते खरंच म्हणा." रुक्मिणीबाईंनी सुस्कारा सोडला. "पण आनंदात आहात ना?"

मायेनं विचारणारं माणूस भेटल्यावर कुसुमावतींना राहवलं नाही. "कसला आनंद! केवढ्या आशेनं केलं, आणि हाती काय आलं? उलट्या! केस गेले, चेहरा गेला. कंटाळलेय मी. डॉक्टर म्हणतात, नकोच असेल तर काढून टाकू."

"आता? काढून?" रुक्मिणीबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"त्यात काय? कधीही काढता येतं म्हणे."

रुक्मिणीबाईंनी टेबलावरचं सगळं पाणी पिऊन टाकलं.

त्यानंतरच्या रविवारी हुबळीची मंडळी न कळवता दारात. पद्माबाई, वेणूबाई आणि पाठीमागं कमल. कुसुमावतींनी लगबगीनं सतरंजी टाकली. पद्माबाई बसल्या, पदर सारखा केला, घसा साफ केला.

"विहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका. पण लग्न पुढच्या वर्षावर टाकू या म्हणते मी."

आतल्या दाराशी दीपा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कप खळखळ वाजले.

"का हो? काय चुकलं आमचं?" कुसुमावतींच्या तोंडचं पाणी पळालं.

"चुकलं कुठं? देवाचं देणं आहे. पण मार्गशीर्षात तुम्हाला आठवा लागणार. कन्यादानाला कशा बसणार? मांडवात लोक नवरीकडं बघतील की नवरीच्या आईकडं? श्रीहर्षला तारिहाळच्या फॅक्टरीत पोरं आत्ताच विचारतात, मेव्हणा की मेव्हणी म्हणून!"

"कसला आठवा?"

वेणूबाईंनी पिशवीतून तान्ह्या बाळाची एक लहानशी कुंची काढून सतरंजीवर ठेवली. खणाची, काठ लावलेली, गोंडा शिवलेली. त्या कुंचीकडं बघता बघता कुसुमावतींना सगळं उमगलं. लोणचं उमगलं, सार उमगलं, रिक्षा उमगली. रुक्मिणीबाईंना आपण काय काय बोललो ते आठवलं आणि कानशिलं तापली. त्यांनी दत्तात्रेयांकडं पाहिलं. दत्तात्रेय छताकडं बघत होते.

"तुम्ही काय सांगितलंत कमलला?"

"मी... बसवलंय म्हणालो. एवढंच. खोटं काही बोललो नाही."

कुसुमावतींना वाटलं, म्हणावं अजूनही, खडे होते हो, खडेच होते! पण दाराशी दीपाचे डोळे भरून आले होते. पोर नुसते कप सावरत होती. जळो ते झंपर!

"मी गरोदर नाही हो!" त्या ओरडल्या. "मी जाड आहे! जाड!"

"काय म्हणते ती?" वेणूबाईंनी कानाला हात लावला.

"वजन उतरावं म्हणून पट्टा बसवून घेतला, अज्जी!"

"अं? कोण बसलं?"

"प-ट्टा! र-ब-रा-चा! खाणं कमी व्हावं म्हणून! जा-ड आ-हे मी!"

बाहेर कोथिंबीरवाली ओरडायची थांबली. समोरच्या घराची खिडकी उघडली. मे महिन्यापासून जिवापाड जपलेलं गुपित कुसुमावतींनी स्वतः, स्वतःच्या आवाजात, वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं साऱ्या मालमड्डीला सांगितलं. आणि एकदा सुरू झाल्यावर त्या थांबल्याही नाहीत. पोळी अडते ते सांगितलं, बासुंदी उतरते ते सांगितलं, दुधातले पेढेसुद्धा सांगितले. सांगता सांगता रडू आलं. "दीपाच्या लग्नात चांगलं दिसावं, एवढंच हो होतं मनात. सगळ्यांदेखत नीट दिसावं. दुसरं काही नाही."

पद्माबाई उठून जवळ आल्या. त्यांनी कुसुमावतींचे दोन्ही हात धरले. "एवढंच होतं, तर त्या दिवशीच सांगायचं की हो! मी पोळीच्या जागी खीर वाढली असती. लग्न मार्गशीर्षातच! कमल, तू मात्र आता गप्प बस."

दीपानं ट्रे खाली ठेवला आणि आईला मिठी मारली. दत्तात्रेयांनी छताकडं बघणं थांबवलं. वेणूबाई मात्र अजून विचारात होत्या. त्यांनी कुसुमावतींना नखशिखांत न्याहाळलं आणि नजर मध्यावर येऊन थांबली.

"म्हणजे खरंच बसुरी नाहीस?"

"नाही, अज्जी!"

"आणि एवढं करून हे पोट काही उतरलं नाही?"

"नाही, अज्जी."

"अय्य! त्यापेक्षा बसुरीच असतीस तर बरं झालं असतं की ग!" वेणूबाईंनी कुंची उचलून पिशवीत टाकली. "नऊ महिन्यांनी उतरलं तरी असतं!"

आधी कमल फुटली, मग पद्माबाई, मग खिडकीतली शेजारीण. आणि कुसुमावती? त्या तर इतक्या हसल्या की पोट गदगदा हललं. बाकी अंगात हलायला काही उरलंच नव्हतं.

मार्गशीर्षात लग्न थाटात झालं. कुसुमावती नव्या, ऐसपैस झंपरात कन्यादानाला बसल्या आणि पंगतीत त्यांनी बासुंदी मागून घेतली. ते शालूवरचं झंपर दीपानं घातलं.

दोन्ही बाजूंचे टाके उसवून!