प्रभाकररावांचा मजबूत रॅक

प्रमोदिनीबाईंना फक्त एक सतरंजी अंथरण्यापुरती जागा हवी होती. एवढीशी गोष्ट. पण ती त्यांनी इंजिनिअर नवऱ्याकडे मागितली, तिथेच सगळं बिनसलं.

त्यांना गाण्याचा क्लास काढायचा होता. लग्नाआधी त्या रीतसर गाणं शिकलेल्या. पुढे शाळेतली नोकरी, सासू-सासऱ्यांची आजारपणं, मुलाचं, सलिलचं शिक्षण यात गाणं मागे पडलं आणि त्यांची पेटी बेडरूममधल्या कपाटावर जुन्या चादरीखाली जाऊन बसली. आता त्या निवृत्त झाल्या होत्या. कोपरीतल्या त्यांच्याच इमारतीतली पोरं शिकायला यायला तयार होती. घरात पाहुणा आला तर पाय कुठे ठेवावा असा प्रश्न, पण तळमजल्यावर त्यांचं स्वतःचं गॅरेज होतं. गाडी केव्हाच विकली होती. त्यामुळे गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं होतं. बंद पडलेला मिक्सर, तांब्याचा बंब, सलिलची शाळेतली सायकल, रंगाचे वाळलेले डबे आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेला, कधीच न लागलेला बराच ऐवज.

“अहो, एवढं आवरलंत तर मी तिथे क्लास घेईन,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

“आवरायचं कशाला? रॅकच करू. सगळं सामान वर, खाली जमीन मोकळी. तू गा.”

हे ‘तू गा’ ते इतकं मनापासून म्हणाले की बाईंना भरून आलं. त्याच क्षणी त्यांनी भंगारवाल्याला फोन करायला हवा होता. पण बाई भोळ्या. त्या नवऱ्यासाठी चहा टाकायला गेल्या.

प्रभाकररावांचा जन्म गेला पाटबंधारे खात्यात, कालव्यांवरचे पूल बांधण्यात. ‘मी बांधलेलं आजवर काही पडलेलं नाही’ हे वाक्य ते लग्नात, मुंजीत, आणि एकदा तर कुणाच्या दहाव्यालाही बोललेले होते. रविवारी बाळकुमहून मुलगा आला आणि त्याने मोबाइलवर तयार रॅक दाखवले.

“बाबा, हा बघा. घरपोच येतो. स्क्रू पिळले की झालं.”

“हा पत्रा आहे की पापड? बोटाने दाबला तर वाकेल.”

“पण तुम्हाला ठेवायचंय काय? मिक्सरच ना?”

“आज मिक्सर आहे. उद्याचं कोणी सांगावं?”

दुसऱ्या दिवशी ते विठ्ठलवाडीला गेले. तिथे पोपट नावाच्या गृहस्थाचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. पोपटकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ‘जरा हलकं चालेल, पण स्वस्तात बसवा’ म्हणायचं. असल्या लोकांना तो कंटाळलेला. प्रभाकररावांनी एक लोखंडी अँगल उचलला, हातात तोलला आणि म्हणाले, “याहून जाड नाही?” पोपटच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

“साहेब, आहे ना. पण ते आपण शेडला वापरतो.”

“तेच वापरा.”

“मधे आडवे सपोर्ट टाकू?”

“टाका. आणि तिरके पण टाका.”

“साहेब, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता,” पोपट म्हणाला, आणि प्रभाकररावांनाही ते पटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रॅक भिंतीत बोल्ट ठोकून उभा राहिला. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मग प्रभाकरराव शिडी लावून सर्वांत वरच्या फळीवर चढले आणि तिथे चक्क आडवे झाले.

“अहो, खाली या. लोक बघतायत,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

“बघू देत. सलिल, तू पण चढ. फोटो काढ.”

सलिल चढला नाही, पण फोटो त्याने काढला. प्रभाकररावांनी तो ‘आपली माणसं’ या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘या रॅकवर हत्ती ठेवा, हलणार नाही.’ हा मजकूर त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. कोणी सांगितलं होतं का? नव्हतं. पण हौस.

त्या संध्याकाळी मात्र खरंच गंमत झाली. सगळं सामान फळ्यांवर चढलं आणि बऱ्याच वर्षांनी गॅरेजची फरशी दिसली. बाईंनी ती पुसली, सतरंजी अंथरली, पेटी खाली आणली आणि हलक्या आवाजात भूप गाऊन पाहिला. आवाज थोडा फाटत होता. त्यांनी पुन्हा गायला. प्रभाकरराव दाराशी उभे राहून ऐकत होते, आणि आपण हे सगळं फार आधी करायला हवं होतं असं त्यांना वाटलं. तुळशीचं लग्न झालं की क्लास सुरू करायचा असं ठरलं. तोवर पेटीला जमिनीची ओल लागू नये म्हणून प्रभाकररावांनी ती स्वतःच्या हातांनी सर्वांत वरच्या फळीवर, अगदी मागे भिंतीला टेकवून ठेवली. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा तीच होती.

पहिला फोन सलिलचा आला.

“बाबा, आमच्या फ्लॅटला माळा नाही हो. बाळाचा पाळणा आणि ती ट्रेडमिल तुमच्या रॅकवर ठेवू? ऋजुता बोलतेय, काढून टाकायला जीव होत नाही.”

मुला-सुनेला नाही कसं म्हणणार? पाळणा आला. ट्रेडमिल फळीवर चढेना म्हणून ती तात्पुरती खाली ठेवली. मग सोसायटीच्या सेक्रेटरी जागृतीताई आल्या. गणपतीच्या मखराचं सामान गच्चीवर भिजत होतं.

“काका, देवाचं सामान आहे. आणि तुमच्या रॅकवर तर हत्तीपण राहतो म्हणे.”

देवाला नाही कसं म्हणणार? मखर आलं, त्यामागोमाग स्टेजच्या फळ्या आल्या, पडदे आले, दिव्यांच्या माळांची पोती आली.

“भीड भिकेची बहीण,” प्रमोदिनीबाई एवढंच म्हणाल्या.

“अगं, वरच आहे सगळं. तुझी जमीन मोकळी आहे की.”

“ट्रेडमिल?”

“ती तात्पुरती.”

भाऊबीजेला दोघं डोंबिवलीला गेले. प्रभाकररावांची धाकटी बहीण चित्रा तिथे राहते. तिच्या सासूबाई वारल्यापासून त्यांच्या सामानाने पुढची खोली गच्च भरलेली. शिसवी कपाट, दिवाण, पितळी पिंपं, लोणच्याच्या बरण्या. पाहुण्यांनी दिवाणाला वळसा घालून सोफ्यावर पोचायचं. चित्राने दादाला ओवाळलं. प्रभाकररावांनी खिशातून पाकीट काढलं, तर तिने हात धरला.

“पाकीट नको दादा. दुसरं मागू?”

“माग ना.”

“तुझ्या रॅकवर मला एक कप्पा दे.”

निरांजन पेटलेलं, कपाळावर कुंकू ओलं, समोर बहीण. अशा वेळी नाही म्हणणारा भाऊ महाराष्ट्रात अजून जन्मायचाय. प्रभाकरराव “दिला” म्हणाले आणि त्यांनी बायकोकडे बघायचं टाळलं.

कप्पा मागणारी बहीण टेम्पो पाठवते, हे त्यांना दोन दिवसांनी कळलं. पिंपं आणि बरण्या कशाबशा फळ्यांवर गेल्या. कपाट आणि दिवाण खाली आले आणि फरशी दिसेनाशी झाली. प्रमोदिनीबाई गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या.

“भटाला दिली ओसरी,” त्या म्हणाल्या. पुढचं त्यांनी म्हटलंच नाही.

इथे एखाद्या शहाण्या माणसाने टेम्पो परत फिरवला असता. प्रभाकररावांनी पोपटला फोन केला.

“समोरच्या भिंतीलाही एक टाकू. जमीन लगेच मोकळी होईल.”

“मी बोललेलो ना साहेब, जोडीने टाका. पहिल्यापेक्षा जाड टाकतो.”

दुसरा रॅक आला. दिवाण उभा करून त्यात बसला, कपाटही बसलं, ट्रेडमिल बसली. हिशोब अगदी बरोबर होता. फक्त दोन रॅक समोरासमोर आल्यावर मधे जी जमीन मोकळी उरली, ती एका माणसाने एका वेळी चालावं एवढीच होती.

“सतरंजीची घडी मोडायची नाही का मग?” बाईंनी विचारलं.

“लांबीत बसतील मुलं. एकामागे एक.”

तुळशीचं लग्न झालं आणि क्लासचा दिवस उजाडला. प्रमोदिनीबाईंनी ठेवणीतली साडी नेसली. पोरं आली, त्यांच्या आया आल्या. सगळी पोरं गॅरेजमध्ये रेशनच्या रांगेसारखी बसली. शेवटच्या मुलीला बाई दिसत नव्हत्या, आणि बाईंना तिचं फक्त नाव ऐकू येत होतं.

“अहो, पेटी काढून द्या,” बाई म्हणाल्या.

पेटी वरच्या फळीवर, भिंतीला टेकून होती. तिच्यापुढे मखर होतं. मखरापुढे पाळणा. पाळण्यापुढे पितळी पिंपं. आणि शिडी लावायला जी जागा लागते, तिथे पोरं बसली होती.

“जरा उठा रे सगळे. बाहेर उभे राहा. आत्ता काढतो.”

पोरं बाहेर गेली. प्रभाकररावांनी पिंपं उतरवली. पाळणा उतरवला, तर तो दारातच अडकला. तो सोडवेपर्यंत मखराचा कळस निखळून खाली आला आणि जागृतीताई धावत आल्या. आयांनी आधी घड्याळं पाहिली, मग एकमेकींकडे पाहिलं. एकीच्या मुलाचं ट्यूशन होतं. दुसरी म्हणाली, “मॅडम, तुमचं सेट झालं की सांगा हां.” बाई सगळ्यांना हसून ‘हो, हो’ म्हणत होत्या.

“बघ, एवढं ओढलं तरी रॅक हललेला नाही,” प्रभाकरराव शिडीवरून म्हणाले.

“तो हलायला नको होता हो. पेटी हलायला हवी होती.”

पेटी हातात आली तेव्हा खाली कोणीही नव्हतं. बाईंनी ती पदराने पुसली आणि वर घरात नेली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी साडी बदलली आणि कुकर लावला. प्रभाकररावांना फार वाईट वाटलं. इतकं की त्या दिवशी ते जेवणाला बसल्यावर वरणात मीठ कमी आहे हेसुद्धा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सामान परत धाडायचं ठरवलं. सलिल म्हणाला, “बाबा, त्या जागी ऋजुताचं ऑफिसचं टेबल आलं पण.” जागृतीताईंनी विचारलं, “काका, देवाला परत पाठवणार?” चित्राला फोन लावायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, एवढ्यात तिचाच फोन आला, आणि तोही वहिनीसाठी.

“वहिनी, माझी पुढची खोली एवढी मोकळी झालीय ना, नुसतं बोललं तरी आवाज घुमतो. आमच्या बिल्डिंगमधे पोरं पण ढीगभर आहेत. तुम्ही इथे क्लास घ्या ना.”

प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “येते.”

आता त्या एक दिवसाआड डोंबिवलीला जातात. जाताना भाजी चिरून ठेवतात. इमारतीतली पोरं एवढ्या लांब कुठे जाणार? ती गिटारला लागली. प्रभाकरराव गॅरेजचं शटर उघडतात, रॅकच्या खांबावर हात ठेवून बघतात आणि शटर बंद करतात. सतरंजी त्यांनी बायकोला न सांगता धुऊन, वाळवून घडी करून ठेवली.

एका क्लासला ते स्वतः पेटी घेऊन डोंबिवलीला गेले. चित्राच्या खोलीत पोरं गोल करून ऐसपैस बसली होती आणि मधे प्रमोदिनीबाई गात होत्या. आवाज आता फाटत नव्हता. हा आवाज आपल्या घरात घुमला असता, असं त्यांच्या मनात आलं आणि ते दारापाशीच बसले. गाणं संपल्यावर चित्रा चहा घेऊन आली.

“दादा, बरा आलास. ही पेटी दर वेळी कोण ने-आण करणार? इथे भिंतीला एखादी फळी ठोकून दे ना. तुझ्या रॅकसारखी मजबूत.”

बाईंचा हात पेटीवर थांबला.

प्रभाकररावांनी भिंतीकडे पाहिलं. भिंत चांगली होती, पक्क्या विटांची. एक बोल्ट इथे, एक तिथे, खालून तिरका आधार. त्यांनी कप खाली ठेवला.

“मला नाही गं येत असलं काही,” ते म्हणाले.