ठणाण आणि ठणठणीत

“एका शाळेत दोन घंटा मला यापुढे चालणार नाहीत,” रविवारी सकाळी मुख्याध्यापिका बाईंनी स्वतःच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. टेबलाच्या दोन टोकांना बसलेले दोघे पुरुष एकदमच भिंतीकडे बघायला लागले. एका टोकाला बाईंचे यजमान, दुसऱ्या टोकाला बाईंचा धाकटा भाऊ. भाऊ यजमानांना दाजी म्हणायचा. भावाला सगळे बारक्या म्हणत. नाव लहानपणी पडलं होतं, वजन नंतर वाढलं.

भांडण सहा वर्षांचं होतं. दोघांनी मिळून शाळांच्या घंटा वाजवणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याचं नाव ‘ठणाण’. तो फुकट होता आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. ज्याला हवा त्याने न्यावा, हवा तसा बदलावा. पुढे आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी, या एका प्रश्नावरून दोघांचं बिनसलं. बारक्याने कोडची प्रत उचलली, वेगळी चूल मांडली आणि तिला ‘ठणठणीत’ हे नाव दिलं. दोघांनाही शाळा मिळत गेल्या, दीडशे याला, दीडशे त्याला. बाईंनी घरात शांतता राहावी म्हणून शाळेच्या खालच्या मजल्यावर नवऱ्याची घंटा लावली आणि वरच्या मजल्यावर भावाची. दोन्हींत चार मिनिटांचा फरक. त्यामुळे वर्गात जाणारा मजला आणि खेळायला निघालेला मजला रोज जिन्यात एकमेकांवर आदळायचे.

त्यात शाळेत नवे संगणक आले. त्यांच्यावर ‘ठणाण’ सुरू होई, पण त्याला स्पीकर सापडेना. ‘ठणठणीत’ला स्पीकर सापडे, पण ते लगेच बंद पडे.

“दोन्हींचं मिळून एक करा,” बाई म्हणाल्या. “नाहीतर मी बाहेरच्या कंपनीची घंटा बसवते.”

हा घाव वर्मी बसला. दोघांनी लॅपटॉप उघडले आणि कोड एकत्र करायची आज्ञा दिली. संगणकाने कळवलं, की एक हजार आठशे बारा ठिकाणी दोघांचं म्हणणं वेगळं आहे.

“एवढंच?” बाई म्हणाल्या. “मला वाटलं, जास्त असेल.”

एकेक जागा उघडायची, तुझं ठेवायचं की माझं ते ठरवायचं, असा कारभार सुरू झाला. पंचाविसाव्या जागी दाजी थबकले. कोडमध्ये बारक्याने स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती.

“‘ही ओळ दाजींची आहे. हात लावू नये. का चालते, ते त्यांनाही ठाऊक नाही.’ हे काय रे?”

“खोटं आहे का?”

दाजींनी ओळ पुन्हा वाचली. “राहू दे,” ते म्हणाले.

आठवड्याचा प्रश्न पुन्हा निघाला तेव्हा आवाज असे चढले, की शेजारीण कडी वाजवून विचारून गेली. शेवटी बाई आतून ओरडल्या, “ज्या शाळेला जो वार हवा तो तिने निवडावा! सहा वर्षं हे सुचलं नाही तुम्हाला?”

नव्हतं सुचलं. दोघांनी खाली माना घातल्या आणि कामाला लागले.

तीन रविवार खपून एक हजार आठशे बारा भांडणं मिटली. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. बुधवारी बाईंच्या शाळेत नवी घंटा लागली.

सकाळची घंटा सुरेख झाली. दहा वीसला मधल्या सुट्टीची घंटा होणार, तेवढ्यात शिपाईकाकांनी फरशी पुसायचं यंत्र लावलं, फ्यूज उडाला, संगणक बंद पडला आणि घंटा राहून गेली. काकांनी फ्यूज बसवला, संगणक सुरू झाला. आता दाजींच्या कोडमध्ये वीस ओळी अशा होत्या, की राहिलेली घंटा मागाहून वाजवावी. ती वाजली. मुलं बाहेर पळाली. बारक्याच्या कोडमध्ये वीस ओळी अशा होत्या, की अवेळी वाजलेली घंटा रद्द करावी, म्हणजे पुन्हा एकदा वाजवून सगळ्यांना वर्गात पाठवावं आणि ती घंटा झालीच नाही असं लिहून ठेवावं. मुलं आत गेली. घंटा झालीच नाही हे दाजींच्या ओळींनी वाचलं, आणि ती वाजवली. मुलं बाहेर! बारक्याच्या ओळींनी ती रद्द केली. मुलं आत!

या चाळीस ओळींवर दोघांचं भांडण कधी झालंच नव्हतं. त्यामुळे त्या कोणी तपासल्याच नव्हत्या.

“अहो, अकरा मिनिटांत पाच सुट्ट्या झाल्या!” बाई फोनवर किंचाळत होत्या. मागे पाचशे मुलांचा जल्लोष ऐकू येत होता. “खेळाचे सर धापा टाकतायत. पहिलीची पोरं टाळ्या वाजवतायत!”

“बंद करून परत चालू करा,” दाजींच्या शेजारून फोनमध्ये तोंड घालत बारक्याने डॉक्टरसारखा सल्ला दिला.

“थांबा, नको!” दाजी ओरडले, पण काकांनी प्लग ओढला होता. बाईंनी निवांत श्वास घेतला, मुलांना वर्गात कोंडलं, आणि तासाभराने, आता शांत झालं असेल म्हणून, प्लग लावायला सांगितला. तासाभरात राहून गेलेल्या सगळ्या घंटा एकामागून एक वाजल्या, एकामागून एक रद्द झाल्या आणि पुन्हा वाजल्या. भूगोलाचे सर आता कोणत्या वर्गावर जायचं हे कळेना म्हणून दारातच उभे राहिले.

दोघे एकाच स्कूटरवरून शाळेत धावले आणि शिक्षकांच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले.

“माझ्या वीस ओळी काढ,” दाजी म्हणाले.

“छे, तुमच्या चांगल्या आहेत. माझ्या काढतो.”

“अरे, मोठा म्हणून मी मागे घेतो.”

“दाजी, लाजवू नका!”

अर्धा तास दोघे एकमेकांना पुढे करत राहिले आणि बाहेर शाळा आत-बाहेर करत राहिली. शेवटी बाईंनी डोळे वटारल्यावर बारक्याच्या ओळी गेल्या. घंटा गप्प झाली. दुरुस्त केलेला एकत्र प्रोग्रॅम जुन्याच ‘ठणाण’ नावाने तीनशे शाळांना पोचला, अभिनंदनाची पत्रं आली.

आठ दिवसांनी दोघे मुद्दाम आपल्या एकोप्याची घंटा ऐकायला शाळेत गेले. दहा वीसला सुट्टी झाली. दहा तीसला संपली. दहा पन्नासला पुन्हा सुट्टी झाली.

“ताई, बिघडलंय!” बारक्या आत धावला.

शिक्षकांच्या खोलीत सगळे खुर्च्या मागे टेकून बसले होते. खेळाचे सर हसत होते.

“काही बिघडलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “तुमचा कोड खुला आहे ना? आमच्या गणिताच्या बाईंनी त्या बुधवारची प्रत ठेवून घेतली आणि जरा माणसाळवली. पाचाऐवजी दोनच सुट्ट्या. पोरं खूश, शिक्षक खूश. नाव ‘ठणाणा’ ठेवलंय. एकोणीस शाळांनी मागितलं.”

“पण आम्ही आत्ताच तर सगळं एक केलं!” दाजी कळवळून म्हणाले.

“छान केलंत. चहा घ्या, अजून सात मिनिटं आहेत.”

बारक्याने कप उचलला, गणिताच्या बाईंच्या लॅपटॉपमध्ये डोकावला आणि बराच वेळ वाचत राहिला.

“दाजी,” तो हळूच म्हणाला, “यांचा कोड आपल्यापेक्षा बरा आहे हो.”

दाजींनी खुर्ची जवळ ओढली. “सरक जरा. बघू दे.”