पिकलच्या लाळेचा निकाल

बागेतली घाण न उचलणारा मालक सापडावा म्हणून सोसायटीने सगळ्या कुत्र्यांची लाळ तपासायला पाठवली. तो मालक राहिला बाजूला आणि अडकला वॉल्टर एंगब्रेट्सनचा कुत्रा पिकल. प्रयोगशाळेने अहवालाला स्वभावाचं एक पान फुकट जोडलं होतं. पिकलच्या पानावर ठळक अक्षरांत होतं : 'शिकारी रक्त. आक्रमक. परक्यावर कधीच विश्वास ठेवत नाही.'

पिकल टोस्टरलासुद्धा घाबरायचा. बायको आर्डिस गेल्यापासून वॉल्टरच्या घरात पिकलखेरीज जिवंत असं दुसरं कोणी नव्हतं, आणि सोसायटीने त्याला हलवायला पंधरा दिवस दिले होते. वॉल्टरचं जेवणखाण सुटलं.

त्याने फार विनवल्यावर अध्यक्षा डार्लीन वॉस घरी पाहणीला आल्या. मिनेसोटात कुणाला घराबाहेर काढायचं झालं तरी रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून लिंबाच्या वड्या आणल्या. शांत कुत्रा कसा असतो ते दाखवायला स्वतःची डचेसही आणली. तिच्या पानावर 'अत्यंत शांत' होतं. डचेसने आत येताच वॉल्टरची पोटरी धरली. पिकल सोफ्याखाली गेला.

"तुमची कुत्री चावली मला."

"छे हो, डचेस चावत नाही. कागद आहे माझ्याकडे."

"रक्त येतंय, डार्लीन."

"येत असेल. पण त्याने चिथावलं असणार तिला. बघा कसा लपलाय. चोराच्या मनात चांदणं."

डॉक्टरांनी तीन टाके घातले आणि सहज विचारलं, "कुत्रा काय म्हणतोय तुमचा?" वॉल्टरला रडू कोसळलं. डॉक्टरांनी लगेच पत्र लिहून दिलं. कुत्र्याची सोबत हवी असं डॉक्टरांनी लिहिलं की तिथल्या कायद्याने कुठल्याही सोसायटीला नाही म्हणता येत नाही. 'या गृहस्थांना शांत कुत्र्याची सोबत अत्यावश्यक आहे.' वॉल्टरने पत्र समितीला दिलं आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

रविवारी डार्लीन दारात हजर. एका हातात डचेस, दुसऱ्यात वड्या.

"पत्र एकमताने मान्य झालं हं. आता कागदोपत्री शांत म्हणाल तर आपल्याकडे एकच आहे. जीव तुटतो माझा, पण शेजारधर्म आहे. डचेस आजपासून तुमची."

"मला पिकल हवाय."

"त्याला माझ्या बहिणीच्या शेतावर सोडते. तिथे चावायला कोणी नाही."

डचेस वॉल्टरची दुसरी पोटरी न्याहाळत होती. पिकल सोफ्याखालून निघाला, त्याने डार्लीनच्या हातातली वडी हुंगली आणि शेपूट हलवत तो तिच्या गाडीत जाऊन बसला.

वॉल्टरने अहवाल काढून पुन्हा वाचला. परक्यावर कधीच विश्वास ठेवत नाही, असंच लिहिलं होतं.