कोऱ्याची बिनचूक नक्कल

ग्रंथपालांचा लॅपटॉप सुरू व्हायला चौदा मिनिटं लागायची. सकाळी बटण दाबून ते दाढीला जायचे, दाढी आटोपून आंघोळीला, आणि कपडे करून बाहेर आले की पडद्यावर अजून ते गोल चक्र फिरतच असायचं. त्यांची बायको म्हणायची, या घरात तुमच्यानंतर निवृत्त झालाय तो हाच, त्यालाही जरा पडू द्या की.

पण त्या लॅपटॉपच्या पोटात अकरा हजार चारशे फोटो होते. छत्तीस वर्षं कॉलेजची लायब्ररी सांभाळलेला माणूस घरी बसला, तेव्हा हाताशी लावायला पुस्तकं उरली नव्हती. मग त्यांनी कुटुंबच लावायला घेतलं. प्रत्येक फोटोला क्रमांक, साल, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे व्यक्तींची नावं. लेकीच्या पहिल्या दाताच्या एकट्या पाच नोंदी होत्या. दोन वर्षं खपून त्यांनी कागदी फोटो स्कॅन केले आणि ओल लागलेले अल्बम बायको नको नको म्हणत असताना रद्दीत घातले. फोनमधले फोटोही दर महिन्याच्या एक तारखेला लॅपटॉपमध्ये टाकून ते दोघांचेही फोन रिकामे करत. एका घरात एका वस्तूच्या दोन प्रती कशाला, हा त्यांचा जुना धंदेवाईक विचार.

येत्या रविवारी बायकोच्या बहिणीची साठी होती. साठ वर्षांची झाली तरी तिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणत. तिच्या समारंभात जुने फोटो पडद्यावर दाखवायचे, असं बायकोनं ठरवलं होतं, आणि ग्रंथपालांना त्याचीच धास्ती होती. कारण दोन वर्षांपूर्वी धाकटीच्या नवऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या साडूंच्या सत्कारात हाच लॅपटॉप एका फोटोवर अडकला होता. साडू दातांचे डॉक्टर. फोटोत त्यांनी भलीमोठी जांभई दिलेली. नऊ मिनिटं तो फोटो भिंतभर तसाच राहिला, आणि समोर वक्ते त्यांच्या तत्परतेबद्दल बोलत राहिले. तेव्हापासून डॉक्टर ग्रंथपालांशी कामापुरतं बोलत.

म्हणून सोमवारी सकाळी ग्रंथपाल लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकान चालवणारी मुलगी त्यांच्याच कॉलेजची, पण लायब्ररीत कधी न आलेली. तिनं मशीन कानाशी धरलं, आतली घरघर ऐकली आणि सांगितलं की हार्ड डिस्क म्हातारी झालीय. नव्या तऱ्हेची बसवा, तिच्यात फिरणारं काही नसतं, लॅपटॉप वाऱ्यासारखा पळेल. जुनीवरचं सगळं नवीवर उतरवून देते, एक दिवस ठेवून जा.

ठेवून जायचं म्हटल्यावर ग्रंथपालांचा चेहरा पडला. छत्तीस वर्षांत त्यांनी संदर्भग्रंथ प्राचार्यांनाही घरी नेऊ दिला नव्हता. मीच करतो, ते म्हणाले. मुलीनं दोन-तीनदा समजावलं आणि शेवटी नवी डिस्क, एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि दोन खाचांची एक काळी पेटी त्यांच्या हवाली केली. एका खाचेत जुनी डिस्क घाला, दुसऱ्या खाचेत नवी, बटण दाबा, बस्स. कुठल्या खाचेत कुठली ते पेटीवर लिहिलंय, तेवढं नीट बघा, असंही तिनं बजावलं.

ग्रंथपालांनी नीट बघितलं. तीच तर गंमत झाली.

बायको धाकटीकडे आमंत्रणांच्या यादीसाठी गेली होती. त्यांनी जेवणाचं टेबल पुसलं, वर धुतलेली चादर अंथरली आणि निघालेले स्क्रू क्रमानं वाटीत ठेवले. मग भिंग घेऊन पेटीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि लायब्ररीतलं एक जुनं कार्ड घेऊन त्यावर सुवाच्य लिहिलं : 'जुनी – डावी खाच. नवी – उजवी खाच.' खाली तारीख घातली, सही केली. त्यानंतर लक्षात आलं की पेटीची वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत पोचत नाहीये. त्यांनी पेटी उचलून अर्धी फिरवली. वायर पोचली. मग कार्ड डोळ्यांसमोर धरून त्यांनी जुनी डिस्क डाव्या खाचेत घातली, नवी उजव्या खाचेत, आणि बटण दाबलं.

पेटीवर चार दिवे होते. पाव काम झालं की एक लागायचा. पहिला लागला तेव्हा ग्रंथपालांनी चहा केला. दुसऱ्या दिव्याला त्यांना लेकीचा पहिला दात आठवला, तिसऱ्याला तळ्याकाठची सहल. आपली सगळी माणसं एका घरातून दुसऱ्या घरात चाललीत, सामानसुमान घेऊन, आणि आपण दारात उभे राहून मोजतोय, असं त्यांना वाटलं आणि डोळे जरासे ओले झाले. चौथा दिवा लागला. त्यांनी नवी डिस्क लॅपटॉपात बसवली, वाटीतले स्क्रू उलट्या क्रमानं लावले आणि सवयीनं दाढीला निघाले.

मागे वळून पाहतात तो पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती. या यंत्रात काहीही सापडत नाही, अशा अर्थाची.

त्यांनी जुनी डिस्क परत बसवली. तीच ओळ.

दुकानातल्या मुलीनं दोन्ही डिस्क तपासल्या. पेटी कशी ठेवली होती, ते ग्रंथपालांनी दाखवलं. पुरावा म्हणून कार्डही दिलं. तिनं कार्ड वाचलं, पेटी अर्धी फिरवली तशी डावी खाच उजवीकडे गेली, पुन्हा कार्ड वाचलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, कॉपीत काहीच चूक नाही. नवी डिस्क कोरी होती. जुनी आता तितकीच कोरी आहे."

"परत मिळवता येईल?"

"नुसतं पुसलं असतं तर आलं असतं. तुम्ही त्यावर कोरं लिहिलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत." आणि थोड्या आशेनं तिनं विचारलं, "बॅकअप होता का?"

"होता ना," ग्रंथपाल म्हणाले. "त्याच डिस्कवर. वेगळ्या फोल्डरमध्ये."

तिनं नव्या डिस्कवर सगळं नव्यानं घालून दिलं. लॅपटॉप आता बारा सेकंदांत सुरू व्हायचा आणि आत काहीच नसायचं.

बायकोला सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. अल्बम टाकू नका म्हणून ती आठवडाभर मागे लागली होती, ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. समारंभाला सहा दिवस होते. निदान रविवारपुरते तरी फोटो उभे करू, मग बघू, असं ठरवून ते पिशवी घेऊन बाहेर पडले.

आधी गेले साडूंकडे, म्हणजे दवाखान्यात. धाकटी तिथे नसते म्हणून. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालूनच त्यांना खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत बसल्यावर माणूस आपोआप तोंड उघडतो. ग्रंथपालांनी उघडलं आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली, सत्कारातला तो फोटोसुद्धा गेला का. गेला, ग्रंथपाल म्हणाले. आणखी कुणाकडे नाही? नाही. डॉक्टरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, फार वाईट झालं म्हणाले आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांना चहा पाजला. घरात काही जुने फोटो सापडले तर पोचवायचंही कबूल केलं.

मग थोरले मेव्हणे. त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून पाकिटं काढली, पण प्रत्येक फोटोमागची गोष्ट ऐकल्याशिवाय तो द्यायचा नाही अशी अट घातली. ग्रंथपालांचा अख्खा बुधवार तिथे गेला. बायकोला लहानपणी विहिरीची भीती वाटायची, शाळेच्या नाटकात तिनं मिशा लावून पोलीस केला होता आणि संवाद विसरल्यावर शिट्टी वाजवून वेळ निभावली होती. अकरा हजार चारशे नोंदींत यातलं काहीच नव्हतं. बायकोच्या माहेरच्या जुन्या घराशेजारच्या शिंपीणबाईंकडे तर बायकोचा एक फोटो चक्क भिंतीवर होता. नवी सायकल धरून उभी, दोन वेण्या, आणि सायकल आपली नाही हे चेहऱ्यावर स्पष्ट. शिंपीणबाईंनी तो भिंतीवरून काढून दिला. मागे भिंतीचा मूळ रंग चौकोनी राहिला होता.

प्रत्येक ठिकाणी ते एकच सांगत : रविवारसाठी आहे, आमच्या घरी मात्र बोलू नका, गुपित आहे. ऐकणाऱ्यांनी आपापल्या परीनं हिशोब मांडला. नवरा बायकोपासून लपवून फोटो जमवतोय म्हणजे गुपित कुणासाठी, हे काय सांगायला हवं? शिंपीणबाईंनी मेव्हण्यांच्या घरी फोन केला, तिथून तो आणखी चार घरी गेला. ज्याला त्याला ग्रंथपालांचं कौतुक वाटलं. आणि गुपित फोडायचं नाही म्हणून सगळ्यांनी बायकोला ते फक्त सूचकपणे सांगितलं.

गुरुवारी बायकोनं त्यांच्या चहात दीड चमचा साखर घातली. त्यांची साखर बंद झाल्यापासून तीन वर्षांत असं झालं नव्हतं. शुक्रवारी ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती. शनिवारी तिनं त्यांच्या सदऱ्याची सैल झालेली गुंडी न सांगता घट्ट केली आणि म्हणाली, "फार दगदग करून घेऊ नका हो." सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. पण तिचा तो चेहरा त्यांनी फार वर्षांत पाहिला नव्हता.

रविवारी सभागृहात अंधार केला आणि लॅपटॉप बारा सेकंदांत सुरू झाला. दोनशे बारा फोटो होते. विसाव्याच्या आसपास लोकांत कुजबूज सुरू झाली, चाळिसाव्याला ग्रंथपालांना घाम फुटला. त्यांनी मिळाले तसे सगळे फोटो क्रमानं लावले होते. पण देणाऱ्यांनी ते बायकोसाठी म्हणून शोधून दिले होते. बायको सायकलपाशी, बायको मिशांत, बायको पहिल्या नोकरीच्या दारात. धाकटी एकूण एकोणीस फोटोंत होती, त्यातल्या सातांत पाठमोरी.

अंधारात धाकटीचा आवाज आला, "माझ्या साठीला ताईचे फोटो. लहानपणापासून हेच चाललंय." सभागृह हसून लोटपोट झालं, आणि ती स्वतःही.

मग एक फोटो आला. पावसातला रेल्वेचा फलाट. जमिनीवर गुडघे टेकून एक दाट केसांचा तरुण कॅमेऱ्यात डोळा घालून बसलाय आणि बायको त्याच्या मागे छत्री धरून उभी आहे. छत्री कॅमेऱ्यावर होती. तरुण भिजत होता. हा कोण, असं भाचीनं विचारलं. पुढच्या फोटोंतही तो कुठेकुठे होता, कडेला, बायकोची पिशवी सांभाळत, कुणाला तरी सरकायला सांगत. अकरा हजार चारशे फोटोंत तो एकदाही आला नव्हता, कारण ते सगळे त्यानंच काढले होते. ग्रंथपाल स्वतःच्या केसांकडे बघत राहिले.

समारंभानंतर दोघं चालतच घरी निघाली. वाटेत बायकोनं विचारलं, "यात आपल्या घरचा एकही नव्हता. का हो?"

बंद दुकानाच्या पायरीपाशी थांबून त्यांनी सांगून टाकलं. पेटी, कार्ड, वायर, दिवे, सगळं. आणि हेही की ते तिच्यासाठी नव्हतं, निस्तरण्यासाठी होतं. तिनं ऐकून घेतलं आणि चालू लागली. रागावली असती तर बरं, असं त्यांना झालं.

"लेकीला हॉस्टेलवर सोडलं तेव्हाचा?" तिनं विचारलं.

"तोही."

तो फोटो सगळ्या नातलगांना पाठ होता. फाटकाशी लेक, शेजारी बायको डोळ्यांना पदर लावून, चित्र जरासं हललेलं. आपण मुळीच रडलो नाही असं ती दर वेळी म्हणायची, आणि दर वेळी ग्रंथपाल चौदा मिनिटं थांबून तो काढून दाखवायचे. घरातले बहुतेक वाद त्यांनी असेच जिंकले होते.

"मग मी रडले नव्हते," बायको म्हणाली.

"अगं, सगळ्यांनी पाहिलाय."

"दाखवा."

ग्रंथपालांचा हात सवयीनं खांद्यावरच्या लॅपटॉपकडे गेला.

"डोळ्यांत धूळ गेली होती माझ्या," ती पुढे बघत म्हणाली. "रडलात तुम्ही. कॅमेरा धरून. म्हणून तर तो फोटो हलला होता."

रस्त्यात कुणी नव्हतं. तिच्या हातातली फोटोंची पिशवी त्यांनी आपल्याकडे घेतली, आणि तिनं ती दिली.

"फार नाही," ते म्हणाले. "थोडासाच हलला होता."