तीन नंबरचा लाकडी कॅमेरा

एक गोष्ट आधीच छातीठोकपणे सांगून ठेवतो. वस्तू निवडावी तर मीच! बूट घेतले ते दुकानात अर्धा तास येरझाऱ्या घालून. चष्मा घेतला तो त्यातून अख्खं वर्तमानपत्र वाचून. कवळीसुद्धा दंतवैद्यासमोर दोन खारी बिस्किटं चावून मगच पसंत केली. न पारखता मी आयुष्यात एकदाच होकार दिला. तो लग्नाला. त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली आणि "तुम्हाला काही कळत नाही" हे वाक्य मी तेव्हापासून रोज ऐकतो आहे.

माझा धंदा फोटोग्राफीचा. शाळांचे गट-फोटो, दुकानांची उद्घाटनं, लग्नं, निरोपसमारंभ. माझ्या बॅगेत दोन मोठे कॅमेरे, चार लेन्स, फ्लॅश आणि ट्रायपॉड. सगळं मिळून अकरा किलो! ही बॅग खांद्याला लावून मी इतकी वर्षं चाललो की माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली गेलाय. शिंपी माप घेताना मला "सरळ उभे राहा" म्हणतो आणि मी सरळच उभा असतो.

मागच्या महिन्यात याच बॅगेनं घात केला. एका शाळेच्या पायऱ्या चढत होतो. वरच्या पायरीवर तोल गेला, बॅगेनं मागे ओढलं आणि मी थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या मोठ्या कुंडीत बसलो. कुंडीवर नव्हे, कुंडीत! दोन शिपायांनी मला मुळ्यासारखं उपटून काढलं.

घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती.

"बास झालं!" ही म्हणाली. "ही बॅग आता उंबऱ्याबाहेर जायची नाही."

"अगं, पण माझं काम..."

"फिरतीच्या कामाला छोटा कॅमेरा घ्या. शर्टाच्या खिशात मावेल असा. बॅग राहू दे स्टुडिओत, तिथलं काम तिथं करा. रविवारपर्यंत छोटा घेतलात तर ठीक. नाहीतर बॅग माझ्या भावाला देऊन टाकणार. निदान तुमच्या मणक्याच्या मागचं लचांड तरी सुटेल!"

तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, शेजारच्याच खुर्चीत बसला होता. त्यानं बॅगेकडे असं पाहिलं, जसं मांजर माशाच्या टोपलीकडे पाहतं.

"दाजी, मी फुलासारखी सांभाळीन हो तिला!"

मेहुण्यानं आजवर फक्त स्वतःच्या मोटारीचे फोटो काढलेत. पुढून, मागून, धुण्याआधी आणि धुतल्यावर. माझी पंचवीस वर्षं जुनी लेन्स त्या मोटारीच्या बंपरवर रोखलेली माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मी मनाशी पक्कं ठरवलं. काय वाटेल ते होवो, रविवारच्या आत खिशात बसणारा कॅमेरा निवडणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी शटरपाशी हजर. छोट्या कॅमेऱ्यांचे चार प्रकार काउंटरवर मांडलेले होते, पण प्रत्येकाला तारेनं काउंटरला बांधलेलं. जनावरं बांधतात तसं.

"यातला एक सोडा," मी म्हणालो. "चार दिवस खिशात घालून बघतो."

दुकानदार हसला. "काका, इथं हातात घेऊन बघा की."

"हातात नाही वागवायचा. खिशात वागवायचाय. वाकलो तर पडतो का, बसलो तर टोचतो का, चटकन निघतो का, ते कळायला नको?"

"विकत घ्या, मग कळेल."

"आणि नाही पटला तर?"

त्यानं बोटानं पाटी दाखवली. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. वाचायला मी उशिरा शिकलो असेन, पण ही पाटी मला एका दमात वाचता आली.

दुसरा कोणी असता तर डोळे मिटून एकावर बोट ठेवून मोकळा झाला असता. मी तसला नव्हे! मी चारही कॅमेऱ्यांची माहितीपत्रकं मागून घेतली. त्यांत लांबी, रुंदी, जाडी आणि वजन छापलेलं होतं. ती घेऊन मी सरळ सुताराकडे गेलो.

सुतार माझा जुना मित्र. फोटोंच्या चौकटी तोच करतो.

"या मापाचे चार लाकडी ठोकळे कर. वजनही तेवढंच हवं. कमी पडलं तर आत खिळे भर."

त्यानं कानावरची पेन्सिल काढली. "कशाला हवेत?"

"कॅमेरे आहेत ते."

सुतारानं माझ्याकडे बघितलं. मग पेन्सिलीकडे बघितलं. पण गिऱ्हाइकाला जास्त विचारायचं नाही ही त्याची शिस्त. दुपारपर्यंत चार ठोकळे तयार! काळा रंग, पुढे लेन्सच्या जागी बाटलीचं बूच, वर बटणाच्या जागी खिळ्याचं डोकं आणि मागे पांढऱ्या रंगात एक, दोन, तीन, चार असे आकडे. कलाकार माणूस!

मग सुरू झाली माझी तालीम. आमच्या धंद्यात कॅमेरा बाहेर काढून, नेम धरून, बटण दाबायला जो वेळ लागतो त्यात माणसाचा चेहरा पार बदलतो. मोठी बॅग उघडेपर्यंत तर हसणारा माणूस गंभीर होतो आणि गंभीर माणूस निघून जातो. छोट्या कॅमेऱ्याचा फायदा तोच, की खिशातून काढला आणि टिपला. पण हाताला सवय नको? म्हणून मी रस्त्यानं जाता जाता ठोकळा काढायचो, डोळ्यासमोर धरायचो, तोंडानं 'क्लिक' म्हणायचो, उलटून मागे बघायचो आणि परत खिशात. फोटो कसा आला ते मागे बघण्याची खोड जुनी, ती काही जाईना.

एक नंबर फार हलका निघाला. बुटाची नाडी बांधायला वाकलो की बाहेर! एकदा तो एका बाईंच्या भाजीच्या पिशवीत पडला आणि मला त्यांच्या मागे दोन गल्ल्या पळावं लागलं. "अहो बाई, माझा कॅमेरा!" त्यांनी तो पिशवीतून काढून दिला, नीट पाहिला आणि नंतर त्याच माझ्यापासून पळाल्या.

दोन नंबर खिशात अर्धाच जायचा. चार नंबर इतका जड की शर्टाचा गळा ओढला जायचा. डावा खांदा आधीच उतरलेला, त्यात हा भार. समोरून येणाऱ्याला वाटायचं, मी लवून नमस्कार करतोय. तिघांनी उलट नमस्कार केला.

तीन नंबर मात्र असा बसला, जसं पाकिटात पत्र! वाकलो, बसलो, जिने चढलो, बसमागे धावलो, तरी हलेना. शुक्रवारी मी जाहीर केलं, तीन नंबर पक्का! फक्त एक दिवस कसून सराव करायचा, शनिवारी.

तो सराव मला नडला.

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तरीणबाई राहतात. पन्नाशी उलटल्यावर मला बाराखडी शिकवली ती यांनीच, त्यामुळे माझ्यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. शनिवारी सकाळी मी दूधवाल्याला फाटकाशी उभा केला होता. तो गरीब बिचारा, म्हणाल तसा उभा राहतो.

"मान जरा उजवीकडे. हनुवटी वर. हं! क्लिक!"

मी ठोकळा उलटून मागे पाहिलं आणि म्हणालो, "छे! डोळे मिटलेस. परत!"

तेवढ्यात ठोकळा निसटून मास्तरीणबाईंच्या पायाशी पडला. त्यांनी उचलला. पुढचं बूच बघितलं, मागचा तीन बघितला. ठोकळा माझ्या हातात असा अलगद ठेवला, की जणू मीच फुटेन.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "क ते ज्ञ म्हणून दाखवता का जरा?"

मला वाटलं, उजळणी घेताहेत. मी खणखणीत म्हणून दाखवलं. मध्ये एक अक्षर गळलं. तेवढं पुरे झालं!

त्या तडक आमच्या घरी. तिथून ही मेहुण्याला फोनवर. आणि संध्याकाळी मी घरी आलो तो बैठकीत आमचे डॉक्टर चहा पीत बसलेले. सोबत मास्तरीणबाई आणि मेहुणा. ही कोपऱ्यात पदराशी चाळा करत गप्प. ही गप्प! तेव्हाच मला काहीतरी भयंकर घडल्याचा अंदाज यायला हवा होता.

"या या," डॉक्टर म्हणाले. "सहज डोकावलो. आज वार कोणता हो?"

"शनिवार. उद्या माझी मुदत संपते."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "कुणी सांगितलं तुम्हाला, मुदत संपते म्हणून?"

"हिनंच सांगितलं."

डॉक्टरांनी हिच्याकडे पाहिलं. ही दचकली. "अहो, कॅमेऱ्याची मुदत हो, कॅमेऱ्याची!"

"तोच तर घेतलाय पक्का करून," असं म्हणून मी खिशातून तीन नंबर काढून टेबलावर ठेवला. "बघा. जरासुद्धा फुगीर दिसत नाही!"

डॉक्टरांनी ठोकळा उचलला आणि बुचावर टिचकी मारली.

"हा काय आहे?"

"तीन नंबर."

"एक आणि दोन कुठं आहेत?"

"ते मापात बसेनात. आणि चार नंबरला घेऊन चाललो की लोक नमस्कार करतात."

मेहुण्यानं हळूच माझी बॅग स्वतःच्या खुर्चीकडे सरकवली. मी पाहिलं ते! म्हणून शांतपणे, अगदी सुरुवातीपासून सगळं सांगायला लागलो. माहितीपत्रक, मापं, वजन, खिळे, तालीम. पण चार माणसं आपल्याकडे दयेनं बघत असली ना, की खरं बोलतानाही माणूस अडखळतो. मी जितका समजावत गेलो तितके डॉक्टर "हो हो, बरोबर, बरोबर" म्हणत गेले.

"सुताराला बोलवा!" मी शेवटी ओरडलो. "त्याला विचारा!"

बोलवायची गरजच पडली नाही. तो दारातच उभा होता, हातात आणखी एक काळा ठोकळा घेऊन.

"अरे, रात्रभर डोक्यात तेच! तीन नंबरचं बटण दाबलं जात नव्हतं ना? म्हणून हा नवा केला. आत स्प्रिंग टाकलीय. आता बटण दाबलं की टक् वाजतं! फोटो जास्त चांगले येतील."

गंमत म्हणून बोलला हो तो! पण त्या खोलीत ते फार जोरात वाजलं. डॉक्टर आता त्याच्याकडेही बघू लागले.

आणि ही हसली.

हसली म्हणजे कशी! आधी पदर तोंडाशी धरला. मग खांदे हलायला लागले. मग पदर सुटला, डोळ्यांतून पाणी आलं, खुर्चीचा हात धरून ती वाकली आणि पोटातून हसली. मी दुनियेचे फोटो काढले, पण हिचं असं हसू एकाही फोटोत नाही. कॅमेरा समोर दिसला की हिचा चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा होतो. मी इकडे तिकडे पाहिलंच नाही. सुताराच्या हातातला ठोकळा घेतला, डोळ्याला लावला, नेम धरला. टक्!

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

"आला का फोटो?" डॉक्टरांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

मी ठोकळा उलटून मागे पाहिलं.

"आला," मी म्हणालो. "पण जरा हललाय."

झालं! मास्तरीणबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. डॉक्टरांनी पेन काढलं. मेहुण्यानं बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला आणि उठता उठता मागे झुकून परत खुर्चीत आदळला. अकरा किलो म्हणजे काय ते त्याला तिथं कळलं.

"ठेव ती बॅग खाली," ही म्हणाली. डोळे पुसत होती, पण आवाज नेहमीचा. "आणि डॉक्टर, तुम्ही ते पेन खिशात घाला. यांना काही झालेलं नाही."

"वहिनी, पण आत्ता तुमच्यासमोरच..."

"'हललाय' म्हणाले ना? एक्केचाळीस वर्षं माझ्या प्रत्येक फोटोला हेच म्हणतात. 'छान आला' म्हणाले असते, तर मीच तुम्हाला पायी चालत बोलवायला आले असते!"

डॉक्टरांच्या हातात आता पेन नव्हतं. मेहुण्याकडे बॅग नव्हती. माझा ऊर असा भरून आला की काय सांगू! तिनं मला वेडा नाही म्हटलं म्हणून नव्हे. माझी खोड ती इतकी वर्षं ध्यानात ठेवून होती, म्हणून.

रविवारी सकाळी आम्ही दोघं दुकानात गेलो. मी ऐटीत म्हणालो, "तीन नंबर द्या. खराखुरा!" दुकानदारानं डबा उघडला, बॅटरी घातली. मी हिच्यासमोर ताठ उभा राहिलो आणि कॅमेरा खिशात सरकवला. काय बसला म्हणता! केसभर जागा उरली नाही. पाच ठोकळे, सहा दिवस, एक डॉक्टर, सगळ्याचं चीज झालं!

"बघ," मी छाती फुगवली. "याला म्हणतात निवड!"

छाती फुगली, खिसा ताणला गेला आणि आत बटण दाबलं गेलं. सुरू झाल्यावर या कॅमेऱ्याची लेन्स दोन बोटं पुढे येते. लाकडाची येत नव्हती. ती आली, कापडात रुतली आणि तिथंच अडकली. बंद करावा तर बटणापर्यंत बोट जाईना, ओढावा तर लेन्स मोडायची भीती. आतून तो केविलवाणा घर्रघर्र आवाज करत होता. दुकानदारानं वाकून पाहिलं, मीही पाहिलं आणि शेवटी हिनं पर्समधून कात्री काढली.

तर मंडळी, कॅमेरा अगदी सुखरूप आहे. बॅगही स्टुडिओत शाबूत आहे. कामं जोरात चालू आहेत. खिशात मावणारा कॅमेरा मला मिळाला. खिसा तेवढा राहिला नाही.