एका डब्यात दोन घराणी

लग्नाची तारीख ठरवायला मुलीच्या घरी जाताना मुलाने काय न्यावं? पेढे न्यावेत, इस्त्रीचा शर्ट घालावा आणि कोणी विचारल्याशिवाय बोलू नये. ऋग्वेद घैसासने पेढे नेले होते, शर्टही कडक होता; पण काखोटीला लॅपटॉप मारायची त्याला काही गरज नव्हती.

ऋग्वेद मोहालीतल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होता आणि चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. आश्लेषा मायदेव चंदीगडमध्येच एका मोठ्या हॉस्पिटलात रेसिडेंट डॉक्टर होती. दोघांनी आपापसात ठरवलं होतं, घरच्यांना सांगून झालं होतं, घरच्यांनी हो म्हणूनही झालं होतं. राहिली होती फक्त तारीख. ती ठरवायला ऋग्वेदचे आईबाबा नाशिकहून आले होते. आश्लेषाला फेब्रुवारीत दहा दिवसांची सुट्टी मंजूर झाली होती; ती हुकली की पुढे वर्षभर नाव काढायचं नाही, असं तिच्या विभागाने स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे आज ठरलं तर ठरलं.

लॅपटॉपचं खूळ सुरू झालं ते आश्लेषाच्या वडिलांपासून. विंग कमांडर माधव मायदेव निवृत्त होऊन मोहालीतच स्थायिक झाले होते आणि आता विमानाऐवजी मायदेव कुलवृत्तांत चालवत होते. चारशे पानांचं पुस्तक, लाल कापडी बांधणी, पानापानावर अमक्याचे पुत्र तमके. महिन्यापूर्वी त्यांनी सहज विचारलं, "काय रे, हे कंप्युटरवर आणता येईल का?"

होणाऱ्या सासऱ्यांच्या अशा प्रश्नाला उत्तर एकच असतं. "सहज येईल, काका!"

आता एखाद्या शहाण्या माणसाने तयार सामान घेऊन हे काम एका संध्याकाळी उरकलं असतं. पण ऋग्वेदचा जीव स्कीम नावाच्या एका जुन्या भाषेवर होता. ऑफिसात तिला कोणी विचारत नसे. नुसते कंसच कंस, आणि सगळी मदार यादीवर. यादीच्या पोटात यादी, तिच्या पोटात आणखी एक. घराणं तरी दुसरं काय असतं? पठ्ठ्याने सगळं शून्यापासून स्वतः बांधायला घेतलं. पडद्यावर नावांची यादी, प्रत्येक नावाच्या डावीकडे छोटासा त्रिकोण, त्रिकोणावर क्लिक केलं की तो खाली वळणार आणि त्या माणसाची मुलंबाळं थोडी आत सरकून दिसणार.

"तू मला तीन रविवार भेटला नाहीस," आश्लेषा म्हणाली होती, "एका त्रिकोणासाठी?"

"तो वळतो गं, उघडताना."

"वा! मग ठीक आहे यार."

चाचणी त्याने आंब्यांवर घेतली. आंब्याच्या पोटात हापूस, पायरी, केसर, सगळे नीट उघडले, नीट मिटले. मग कुलवृत्तांतातल्या शेवटच्या चार पिढ्या भरल्या. पुस्तकात आश्लेषाचं नाव नव्हतं, ते त्याने आपल्या मनाने घातलं. इथे थांबला असता तर ही गोष्ट झालीच नसती. पण शनिवारी संध्याकाळी त्याच्या डोक्यात आलं, की शेजारी आपलंही घराणं मांडावं. डावीकडे मायदेव, उजवीकडे घैसास, आणि मधे माउसने जुळवलेलं लग्न. काका खूश! अर्ध्या तासात घैसासही भरून झाले. ते एकदा उघडून बघावेत, एवढं मात्र त्याला सुचलं नाही.

रविवारी अकरा वाजता मायदेवांच्या दिवाणखान्यात भल्यामोठ्या टीव्हीला लॅपटॉप जोडला गेला. माधवराव मांडीवर कुलवृत्तांत घेऊन समोर बसले. त्यांच्या पत्नी विनयाकाकू साबुदाणावड्यांची ताटली घेऊन आल्या. ऋग्वेदचे बाबा शिशिर घैसास आणि आई मेघना सोफ्यावर अंग चोरून बसले होते. आश्लेषा रात्रपाळी करून आली होती आणि उशीला टेकून एका डोळ्याने बघत होती.

"हे तुमचे आजोबा, काका. वामन मायदेव. आता यांच्यावर क्लिक केलं की—"

त्रिकोण वळला. अगदी डौलात वळला. खाली नावं आली: गजानन मायदेव, रघुनाथ मायदेव, मग 'तिसरा पुत्र, दत्तक दिला', आणि त्याच्या बरोब्बर खाली, त्याच ओळीत, दत्तात्रय घैसास.

"दत्तात्रय घैसास कोण?" माधवरावांनी विचारलं.

"माझे वडील," शिशिरराव म्हणाले, आणि वडा हातातच राहिला.

माधवराव उठून टीव्हीजवळ गेले. चष्मा वर, चष्मा खाली. "ऋग्वेद, याच्या खाली काय आहे? उघड."

नको नको म्हणत असतानाही ऋग्वेदचं बोट माउसवर दाबलं गेलं. दत्तात्रयच्या पोटातून शिशिर निघाले, शिशिरच्या पोटातून ऋग्वेद. वर गजाननच्या पोटात माधव, माधवच्या पोटात आश्लेषा. एकाच पणजोबांची दोन पणतवंडं टीव्हीवर गुण्यागोविंदाने नांदत होती.

"म्हणजे ही भावंडं?" विनयाकाकू खालीच बसल्या.

"काकू, हा बग आहे!" ऋग्वेदला दरदरून घाम फुटला. "प्रोग्रॅम चुकलाय माझा. थांबा, घैसासांकडून उघडून दाखवतो."

त्याने उजवीकडचे आपले पणजोबा उघडले. तर त्यांच्याही पोटात गजानन, रघुनाथ, दत्तक आणि दत्तात्रय! हे बघून कोणाचीही खात्री पटावी, की घोळ यंत्राचा आहे. पण माधवरावांची खात्री उलटीच पटली.

"इकडून बघा, तिकडून बघा, उत्तर एकच. आमच्याकडे याला क्रॉस-चेक म्हणायचे." ते पुस्तकाचं पान उलगडत म्हणाले, "हे बघा छापलेलं. वामन, तिसरा पुत्र, दत्तक दिला. कुठे दिला, ते नाही. ऐंशी वर्षं ही जागा रिकामी आहे शिशिरराव, आणि ती आज भरली."

"अहो, पण आमचा काय संबंध?" मेघनाताई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पायाखालच्या गालिच्याकडे बघत होता.

"अहो, बोला ना!"

"तसं म्हटलं तर," शिशिरराव घसा खाकरून म्हणाले, "आमचे अण्णा दत्तकच होते."

बापाने मुलाच्या पायावर असा धोंडा घातलेला मोहालीत त्याआधी कोणी पाहिला नसेल. "बाबा!" ऋग्वेद ओरडला.

"अरे, खरं ते खरं. कोकणातून आणलं होतं, एवढं ऐकलंय. कोणाकडून, ते आम्ही कधी विचारलं नाही."

आश्लेषाचा दुसरा डोळाही आता उघडला होता. तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि शेजारच्या ढिल्लों आंटी पिन्नीच्या लाडवांचा डबा घेऊन आत आल्या.

"बधाई हो जी, बधाई हो! तारीख पक्की हो गई?"

शिशिररावांनी भांबावून एक लाडू उचलला आणि मेघनाताईंनी डोळे वटारल्यावर परत ठेवला. "आंटी, अभी थोड़ा हिसाब चल रहा है," आश्लेषाने त्यांना हळूच दारापर्यंत पोचवलं. परत येऊन ती ऋग्वेदशेजारी जमिनीवर बसली.

"खरं सांग. बग आहे ना?"

"आहे."

"नक्की?"

दहा मिनिटांपूर्वी ऋग्वेद शपथेवर सांगायला तयार होता. पण पुस्तकात रिकामी जागा, घरात दत्तक आजोबा, आणि मायदेवही मूळचे कोकणातलेच! क्षणभर त्यालाच वाटलं, आपल्या चुकीने खरंच काही उकरून तर काढलं नाही?

"शोध," आश्लेषा म्हणाली. "मी बसलेय इथे. तोवर तारखेचा विषय कोणी बंद करायचा नाही, बाबा!"

कंसांच्या जंगलात ऋग्वेद शिरला. टीव्ही चालूच असल्यामुळे सगळं घर त्याच्यामागोमाग शिरलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. विनयाकाकूंनी न विचारताच चहा ठेवला. आणि मग एकदम ऋग्वेद कपाळावर हात मारून ओरडला, "सापडलं!"

"काय?"

"काका, प्रत्येक घराण्याची मुलंबाळं ठेवायला एक रिकामी यादी लागते. एक डबा म्हणा. मी आंब्यांच्या वेळी एक डबा केला होता. काल घाईत तोच मायदेवांना दिला आणि तोच घैसासांनाही दिला. मला वाटलं दोन आहेत. होता एकच!"

माधवरावांच्या कपाळावरची आठी तशीच होती. विनयाकाकूंच्या मात्र चटकन लक्षात आलं.

"अहो, दोन सुनांच्या हातात मी एकच मिसळणाचा डबा दिला, तर एकीने घातलेली हळद दुसरीलाही दिसणारच ना! त्यात काय?"

"काकू, अगदी तेच!" ऋग्वेदला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्याने एक ओळ बदलली, दोन घरांना दोन डबे दिले. टीव्हीवर वामनच्या खाली तीनच मुलगे राहिले आणि दत्तात्रय मुकाट्याने आपल्या घरी गेले. मेघनाताईंनी सुस्कारा सोडला. पण माधवराव हवाई दलातले.

"डबा समजला. यंत्राची चूक होती, मान्य. पण म्हणून शिशिररावांचे वडील दत्तक नव्हते असं होत नाही. आणि आमचा तिसरा कुठे गेला तेही कळत नाही. मनात किंतू ठेवून मी अक्षता टाकणार नाही."

या वेळी चूक प्रोग्रॅममध्ये नव्हती, त्यामुळे ऋग्वेदला काहीच करता येईना.

"बाबा," आश्लेषा म्हणाली, "कृष्णाआत्याला विचारलंत का?"

कृष्णाआत्या म्हणजे माधवरावांची सख्खी आत्या, गजानन-रघुनाथांची बहीण. वय त्र्याण्णव, मुक्काम चिपळूण. माधवरावांनी पुस्तक उघडून पाहिलं, जणू तिला विचारायची परवानगी त्यात छापलेली असावी. वामनचे पुत्र तीन. कन्येचा उल्लेख नाही. त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आत्या, तुझा तिसरा भाऊ दत्तक कुठे गेला गं?"

"कोण, बाळ? कोल्हापूरला, गणपुल्यांकडे!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "तिकडे त्याचं सदाशिव ठेवलं. दर भाऊबीजेला यायचा बिचारा. एका वर्षी ओवाळणीत छत्री घातलीन, ती अजून वापरत्ये. का रे?"

"घैसासांकडे नाही ना गेला?"

"घैसास? आपल्यात घैसास कोणी नाहीत. चांगले असतात का?"

सगळ्यांनी ऋग्वेदकडे पाहिलं. "असतात असतात," आश्लेषाच म्हणाली.

"पण आत्या," माधवरावांनी विचारलं, "एवढा कुलवृत्तांत छापला, त्यात ही जागा रिकामी कशी?"

"मला कोणी विचारलंन? पुस्तकवाले आले, रघुनाथाशी बोलले, चहा मी केला तो प्यायले नि गेले. मी काय, मुलगी. दिल्या घरची."

फोन ठेवला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मेघनाताईंना हसू आवरेना, शिशिररावांनी मघाचा लाडू पुन्हा उचलला आणि या वेळी खाल्ला. पंचांग निघालं. फेब्रुवारीची अठरा तारीख दोन्ही बाजूंनी एकदमच पसंत पडली. एवढी धावपळ झाल्यावर मुहूर्तात खोट काढायचं त्राण कोणातच नव्हतं.

"हां, आता लाव लग्न," माधवराव प्रसन्न होऊन टीव्हीसमोर बसले. "त्या यंत्रावर."

ऋग्वेदने आश्लेषाचं नाव माउसने उचललं, अलगद उजवीकडे नेलं आणि आपल्या नावाशेजारी सोडलं. नाव झोकात जाऊन बसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माधवरावांनी वाजवल्या नाहीत. ते डावीकडे बघत होते.

"माझ्या नावापुढचा त्रिकोण कुठे गेला?"

"काका, ते... खाली कोणी नसलं की त्रिकोण राहत नाही."

विनयाकाकू ताटल्या आवरायला लागल्या आणि त्यांनी एकच ताटली तीनदा उचलून ठेवली. आश्लेषा एकुलती एक. टीव्हीवर माधव मायदेव हे नाव नुसतंच उभं होतं.

"परत आण तिला," माधवराव म्हणाले.

"आणतो. पण मग आमच्याकडून जाईल, काका. एक नाव एकाच ठिकाणी राहतं."

"मघाशी नव्हतं राहत! मघाशी तुझ्या त्या डब्यात एकेक माणूस दोन्ही घरांत दिसत होता."

"ती चूक होती, काका."

"असू दे. तेवढी एक करून ठेव."

तीन रविवार खपून केलेल्या कामातली, नुकतीच घाम गाळून काढलेली चूक ऋग्वेदने नीट, विचारपूर्वक, फक्त एका नावापुरती परत घातली. आश्लेषा उजवीकडे होतीच. ती डावीकडेही आली, आणि माधवरावांच्या नावापुढे त्रिकोण उगवला. त्यांनी माउस स्वतःच्या हातात घेतला. त्रिकोण मिटला, उघडला, पुन्हा मिटला, पुन्हा उघडला.

"छान वळतो रे," ते म्हणाले. आश्लेषाने ऋग्वेदला कोपराने ढोसलं.

मग काहीतरी आठवून माधवरावांनी पुन्हा चिपळूणला फोन लावला. "आत्या, तुझं नाव घालतोय गं आपल्या घराण्यात. वामनच्या खाली. रघुनाथकाकांच्या नंतर घालू ना?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"नंतर कशाला? मी रघुनाथाहून दोन वर्षांनी मोठी आहे. वर घाल!"