युसूफचा ट्रॅक

आमच्या शेजारचे नारायणकाका ऑर्केस्ट्रा चालवतात आणि त्यात ते एकटेच आहेत. तरीही तालमीत भांडणं होतात. रोज सकाळी भिंतीपलीकडून मला ऐकू येतं, "ढोलकी, जरा दमानं घे. गाडी पकडायची हाय का तुला?" ढोलकीवाले तेच आणि दटावणारेही तेच.

काका पूर्णा जंक्शनवर सिग्नल खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीतला सोफा परभणीला मुलीकडे पाठवला आणि तिथं दोन जुने सिंथ, म्हणजे हव्या त्या वाद्याचा आवाज काढणारे कीबोर्ड, मांडले. दोन्हींच्या वायरी एका छोट्या डबीत जातात आणि डबीतून टॅबलेटमध्ये. आधी बासरीचा आवाज लावून वाजवायचं, मग ते ऐकत ऐकत त्यावर ढोलकी, मग खालच्या सुरांचा बेस. टॅबलेटवर एकाखाली एक ट्रॅक साठत जातात. प्रत्येक वाद्यासाठी काका वेगळ्या खुर्चीत बसतात. "एकाच खुर्चीत बसलं की समदे एकसारखेच वाजवतेत," असं त्यांचं म्हणणं. या खुर्च्यांमधून झाडू मारताना काकू काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.

"टायम म्हंजे टायम" हे काकांचं ठेवणीतलं वाक्य. दूधवाला, पेपरवाला, शाळेत शिकवणारा मी, कुणीच त्यातून सुटलेलं नाही. साडेचारच्या चहाला मला पाच मिनिटं उशीर झाला तर ते दारातच विचारतात, "सर, आउटर सिग्नलला थांबला होता का?"

म्हणून मला नवल वाटायचं, की एवढ्या काटेकोर माणसाच्या नव्या चालीत बेस मात्र किंचित उशिरा कसा. टॅबलेट शिकवायला मीच जायचो, त्यामुळे तो ट्रॅक माझ्या ओळखीचा होता. त्यावर त्यांनी नाव लिहिलं होतं, युसूफ. खुर्च्यांसारखीच ही एक लहर, असं मी धरून चाललो.

एक दिवस काका भाजी आणायला गेले असताना मी नको तो शहाणपणा केला. मागेपुढे झालेले सूर नेमके तालावर आणून बसवणारं एक बटण ॲपमध्ये असतं. ते दाबलं, सेव्ह केलं, ॲप बंद केलं. काका आल्यावर शाबासकीच्या आशेनं हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. भाजीची पिशवी हातातच होती.

"युसूफ कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला कळलं. युसूफभाई त्याच खात्यात खलाशी, म्हणजे हाताखालचे मदतनीस, होते. दोघांनी मिळून रेल्वे कॉलनीत ऑर्केस्ट्रा काढला होता, त्यात बेस युसूफभाईंचा. गेल्या वर्षी युसूफभाई वारले.

"तो आधी समद्यांचं ऐकायचा, मग वाजवायचा," काका म्हणाले. "तीस वर्षं शिव्या घातल्या मी त्याला. आन् त्याच्यासारखं एकदा वाजवायला मला महिना लागला. हात आपसूक टायमावर पडतेत."

मला फार लाज वाटली. जुना ट्रॅक परत आणायची सोय उरली नव्हती. पुढचा आठवडाभर काका बेसच्या खुर्चीत बसले आणि प्रत्येक वेळी अचूक तालात वाजवून वैतागून उठले. मुद्दाम उशीर केला की ते त्यांनाच खोटं वाटे. पलीकडची भांडणं बंद झाली आणि ती शांतता मला सोसेना.

रविवारी त्यांनीच मला हाक मारली. "सर, आज तुमी बसा बेसला."

"काका, मला वाजवता येत नाही."

"म्हनूनच बसा. चारच पट्ट्या हायत, मी दाखवतो. वाजवायचं मनावर घेऊ नका, नुसतं बाकीच्यांचं ऐका."

मी हेडफोन लावला. दुसरा त्यांनी स्वतःच्या कानाला लावला. बासरी आली, ढोलकी आली. दोन्ही इतकी गोड वाजत होती की पहिली पट्टी दाबायला मला उशीर झाला. पुढचीही उशिराच पडली. कसाबसा शेवटपर्यंत पोचलो आणि माफी मागायला वळलो.

काका डोळे मिटून बसले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आला बघा," ते म्हणाले.